बॅटरी नवीन, चार्ज फुल, तरी बॅकअप अर्ध्या तासात बंद: दरवेळी एकच बॅटरी का मरते

ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीये की पुढचं वाक्य मीच बोलून टाकतो. लाईट गेली, यूपीएसने लोड उचलला, डिस्प्लेवर बॅटरीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, सगळे खूश, आणि अर्ध्या तासात टूं टूं करून जिना अंधारात. मग कोणीतरी येतो, चारपैकी एक बॅटरी "उडालीये" म्हणतो, नवीन टाकतो, पाच-सहा महिने बरं चालतं आणि परत तेच. दुसऱ्यांदा झालं की कंपनीला शिव्या, तिसऱ्यांदा झालं की यूपीएसच बदला म्हणून मीटिंग. आणि गंमत म्हणजे कोणालाच आठवत नसतं की आधी मेलेली बॅटरी रॅकमध्ये कुठल्या जागेवर होती. तेच आधी आठवा. दरवेळी वेगळ्या जागेवरची गेली तर बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात किंवा चार्जिंगचा घोळ आहे, पण दरवेळी त्याच जागेवरची जात असेल तर बॅटरीचा बहुतेक काही दोष नाही, त्या जागेचा आहे.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते बघू, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. समजा ४८ व्होल्टची बँक आहे, १२ च्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला दुसरी जोडून एका रांगेत), १५० अँपिअर-अवरच्या, आणि लोड आहे ९०० वॅट. यूपीएस स्वतः थोडं खातो, ८५ टक्के एफिशियन्सी धरा, म्हणजे बँकेतून साधारण २२ अँपिअर जाणार. आता १५० भागिले २२ करून पावणेसात तास असं म्हणू नका, तिथेच लोक फसतात. बॅटरीवर छापलेला आकडा बहुतेक वेळा २० तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू काढले तर १५० मिळतात. २२ ने ओढले की बॅटरी तेवढं देत नाही, ११०-१२० देईल, म्हणजे पाच तासांच्या आसपास, तेही नवीन असताना आणि पार तळ गाठल्यावर. रोज तळ गाठला तर बॅटरी लवकर जाते, म्हणून मी चार तास सांगतो. लोड अंदाजाने धरू नका, क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून बघा. दोन वर्षांत कोणी चार कॅमेरे वाढवले, कोणी राउटर लावला, कोणी गुपचूप पंखा जोडला, आणि लोड ९०० चा १५०० झालेला असतो. तसं असेल तर इथेच थांबा, बॅटरी ठणठणीत आहे, खाणारी तोंडं वाढलीत.

लोड बरोबर आहे, हिशेबाने चार-पाच तास यायला हवेत आणि येतोय अर्धा तास, तर मग खरी शोधाशोध. ह्यात सगळ्यात मोठा चकवा म्हणजे यूपीएसचा डिस्प्ले. बिचाऱ्याला फक्त दोन टोकं दिसतात, पहिल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि शेवटच्या बॅटरीचा निगेटिव्ह, मध्ये कोण जिवंत आहे कोण मेलंय ह्याचा त्याला पत्ता नसतो, तो बेरीज वाचतो आणि बेरीज बरोबर आली की फुल म्हणतो. वर्गात चार पोरं आहेत, तिघांना शंभरपैकी नव्वद आणि एकाला दहा, सरासरी काढली तर सत्तर, म्हणजे सगळे पास. तसंच.

म्हणून मल्टीमीटर घ्या आणि एकेक बॅटरी मोजा. मीटर डीसीवर ठेवा (एसीवर ठेवून "बॅटरी झिरो दाखवतेय" म्हणणारे मी दोन पाहिलेत), आणि प्रोबचं टोक थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, लगवर (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) नाही, बोल्टवर नाही. का ते पुढे येईल.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, कारण ४८ व्होल्टचा झटका बसेल न बसेल पण पान्हा किंवा अंगठी दोन टर्मिनलमध्ये अडकली तर काही सेकंदांत लालबुंद होते, शेकडो अँपिअर जातात. माझ्या पान्ह्याला दांड्याच्या टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे आणि तरी त्यावर एक वितळलेला खड्डा आहे, टेप गुंडाळायच्या आधीचा. दुसरं म्हणजे चार्जिंग चालू असताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणून खोली बंद असेल तर आधी दार उघडा आणि थोडा वेळ जाऊ द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, ॲसिड उडालं तर पंधरा मिनिटं सलग पाण्याने डोळे धुवायचे आणि डॉक्टरकडे जायचं. मोठ्या बिल्डिंगमध्ये १२०, १८०, २४० व्होल्टची बँक असते, तिथे मी सांगतोय ते स्वतः करूच नका, तो व्होल्टेज जीव घेऊ शकतो आणि डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. तिथे माणूस बोलवा आणि त्याच्याकडून रीडिंग लिहून घ्या.

रीडिंग तीन वेळा घ्यायचं. एकदा चार्जिंग पूर्ण होऊन यूपीएस फ्लोटवर (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं हलकं चार्जिंग) असताना, एकदा चार्जर आणि लोड दोन्ही बंद करून बॅटरीला काही तास आराम दिल्यावर, आणि एकदा लोड चालू असताना. आरामातलं रीडिंग १२.६-१२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. एकदम १०.५-१०.६ दिसलं तर सहापैकी एक सेल शॉर्ट आहे, त्या बॅटरीचं काही होणार नाही. पण एक लक्षात घ्या, आरामातलं रीडिंग बॅटरी किती भरलीये ते सांगतं, ती केवढी आहे ते सांगत नाही. पार झिजलेली बॅटरीही १२.७ दाखवते, वाटीसुद्धा काठोकाठ भरलेली असू शकते म्हणून ती काही घागर होत नाही. घागर आहे की वाटी ते लोडवरच कळतं. म्हणून लोडवर सुरुवातीला, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी असं चारही बॅटऱ्यांचं मोजायचं. चौघी एकत्र हळूहळू उतरत असतील तर ठीक, एकटीच अर्धा व्होल्ट किंवा जास्त मागे पडत असेल तर ती सापडली.

आता ती केस सांगतो, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. वर सांगितलेलीच बँक, ४८ व्होल्ट, ट्यूब्युलर (पाणी भरायच्या) बॅटऱ्या, लोड ९०० च्या आत, जिन्यातले दिवे, कॅमेरे, नेटवर्कचा रॅक आणि गेटची मोटर. बॅकअप ३५ मिनिटं. आधीच्या माणसाने चार नंबरची बॅटरी एकदा बदललेली, नंतर मी स्वतः एकदा बदलली. हो, मीच. लोडवर बघितलं, चार नंबर बसलेली दिसली, वॉरंटीत होती, बदलून दिली, घरी गेलो. का बसली असं विचारलंच नाही. पाच महिन्यांनी परत फोन.

ह्यावेळी वही घेऊन गेलो. डिस्प्लेवर ५४.८ व्होल्ट, फ्लोट, बॅटरी फुल. चार बॅटऱ्यांत समान वाटले तर प्रत्येकी १३.७, एकदम पुस्तकातला आकडा. एकेक मोजली तर १४.३, १४.२, १४.३ आणि चौथी १२.०. बेरीज करून बघा, ५४.८ च येते. तीन बॅटऱ्या उतू जातायत, चौथी उपाशी, आणि डिस्प्ले म्हणतोय सगळं छान. मेन स्विच पाडून लोडवर टाकलं तर सुरुवातीला तिघी १२.५ च्या आसपास आणि चौथी १०.९, वीस मिनिटांनी तिघी १२.३ आणि चौथी ८ च्या खाली, आणि पुढे तर कड्यावरून ढकलल्यासारखी घसरली. ३४ व्या मिनिटाला १२.२, १२.२, १२.२ आणि ५.३. एकूण ४१.९. कटऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला यूपीएस स्वतः बंद होतो तो, ४२ ला होता, यूपीएस बंद. तिघी अजून तीन-चार तास ओढू शकल्या असत्या.

ह्याच वेळी आणखी एक प्रकार होतो तो कोणी भुताटकी म्हणून सांगतो. बंद झाल्यावर लोड सुटला की व्होल्टेज परत वर येतं, ४८-४९ दिसतं, यूपीएसला वाटतं बॅटरी आली, तो परत चालू होतो, लोड पडला की पुन्हा बंद. चालू-बंद, चालू-बंद. ह्या झटक्यांत गेटच्या मोटरचं कार्ड आणि कॅमेऱ्याची हार्डडिस्क जाते, बॅटरी राहते बाजूलाच. असं व्हायला लागलं तर आउटपुटचा एमसीबी पाडून ठेवा.

चौथी बॅटरी बँकेतून सोडवली आणि वेगळ्या १२ व्होल्टच्या चार्जरवर लावली. बाकीच्या तिघींवर ४८ चा यूपीएस चालत नाही म्हणून तो बंदच. सोडवून दहा मिनिटं झाली नसतील, वॉचमनकाका वर आले. "साहेब, खालचा इंटरकॉम बंद पडलाय, तुम्ही काय हात लावला का?" मी म्हटलं यूपीएस बंद आहे काका, सगळंच बंद आहे. तर म्हणाले, "नाही हो, यूपीएस बंद असला तरी इंटरकॉम चालतो, तो कधीच बंद पडत नाही."

तो कधीच बंद पडत नाही. मी रॅकखाली टॉर्च मारली. चौथ्या बॅटरीच्या ज्या खांबांवरून मी जाड काळ्या केबल सोडवल्या होत्या, तिथल्याच लगच्या खाली दाबलेली एक बारीक लाल-काळी जोडवायर होती, बोल्ट काढताना ती मागे पडली आणि माझ्या लक्षातच आली नाही. धुळीने करडी झालेली, रॅकच्या पायाला टायने बांधत बांधत भिंतीच्या पाईपमध्ये गेलेली. कधीतरी इंटरकॉमचा ॲडॅप्टर जळला असणार, नवीन येईपर्यंत कोणीतरी तात्पुरतं बॅटरीवर जोडलं असणार, १२ व्होल्ट हवेत ना, समोर १२ व्होल्ट आहेत. निगेटिव्हच्या टोकाची म्हणून चार नंबर. तात्पुरत्याला किती वर्षं झाली ते कोणालाच माहीत नाही.

ही वायर काय करते ते नीट समजून घ्या, कारण हा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप जास्त ठिकाणी असतो. इंटरकॉम ०.९ अँपिअर घेत होता, क्लॅम्प मीटरने बघितलं. किरकोळ वाटतं. पण ते चोवीस तास आहे, दिवसाला साडेएकवीस अँपिअर-अवर, म्हणजे एकट्या बॅटरीवर सोडलं तर ती आठवड्यात झोपेल. चार्जर चालू असतो म्हणून ती पूर्ण झोपत नाही, पण चार्जर चौघींना एकाच रांगेतून करंट देतो, चौथीला वेगळा घास भरवायची सोयच नाही. फ्लोटवर भरलेल्या बॅटरीला करंट लागतो अगदी थोडा, तेवढाच रांगेतून जातो, आणि चौथीतून त्याहून जास्त गळतोय. मग चौथीचं व्होल्टेज उतरतं. चार्जरला तर दोन टोकांना ५४.८ च ठेवायचेत, मग चौथीच्या वाट्याचं उरलेलं व्होल्टेज बाकी तिघींवर पडतं, त्या १४.३ वर जातात, उकळायला लागतात, त्यामुळे रांगेतला करंट वाढतो, आणि वाढत वाढत जेव्हा इंटरकॉमच्या ०.९ इतका होतो तेव्हा सगळं त्या अवस्थेत स्थिर होतं. तिघींतून येणारा करंट सरळ इंटरकॉमला, चौथीच्या पदरात शून्य. ती कायम अर्धपोटी. शिशाची बॅटरी अशी अर्धवट डिस्चार्ज राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि क्षमता जाते, आणि ती बदलून नवीन टाकली की नवीनला तोच जाच.

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. पुरावा समोर होता आणि आम्ही सगळे तो उलटा वाचत होतो. बिल्डिंगचं मेंटेनन्स बघणारे दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर भरायचे, आणि मला पहिल्याच दिवशी कौतुकाने म्हणाले होते की ही चार नंबर बेस्ट आहे, हिला पाणीच लागत नाही, बाकीच्या तिघी नुसतं पाणी पितात. मी मान हलवली होती. पाणी न पिणारी बॅटरी म्हणजे चार्ज न होणारी बॅटरी, एवढं डोक्यात यायला मला दोन बॅटऱ्या लागल्या. तुमच्याकडे पाणी भरायचं रजिस्टर असेल तर मीटरच्या आधी ते उघडा. एकाच बँकेतल्या, एकाच वयाच्या बॅटऱ्या साधारण सारखं पाणी पितात. एक फार कमी पीत असेल तर ती उपाशी आहे, एक फार जास्त पीत असेल तर ती उष्णतेच्या जागी असेल.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. इंटरकॉमला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर, तो यूपीएसच्या आउटपुटवर. एसी घेणं जमत नसेल तर ४८ चे १२ करणारा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो बँकेच्या दोन टोकांना लावायचा, म्हणजे चौघींवर सारखा भार. मध्येच टॅप मारायचा नाही, ०.१ अँपिअरसाठीही नाही. चौथीला वेगळं चार्ज केलं, हायड्रोमीटरचं (ॲसिड किती जड आहे ते मोजणारी नळी) रीडिंग तीन तास वाढायचं थांबेपर्यंत, मग परत जोडली. बॅकअप साडेतीन तास झाला. पाच नाही झाला, पाच महिन्यांच्या उपासमारीची भरपाई होत नाही, पण अर्ध्या तासाचे साडेतीन झाले आणि नवीन बॅटरी लागली नाही. पुढच्या महिन्याचं फ्लोटचं रीडिंग १३.७, १३.७, १३.६, १३.८, आणि चौथी पाणी प्यायला लागली.

वायर-बियर काही सापडली नाही आणि तरी तीच जागा मरतेय, तर पुढचा संशय जोडण्यांवर. म्हणूनच मघाशी प्रोब खांबावर टेकवायला सांगितलं. आता लोड चालू असताना एक प्रोब खांबावर आणि दुसरा त्याच खांबावरच्या लगवर ठेवा, मीटर मिलिव्होल्टवर. काही मिलिव्होल्ट दिसले तर चांगलं. अर्धा व्होल्ट दिसला तर तुमचा बॅकअप तिथे जळतोय, आणि हे नुसतं म्हणायला नाही, ६० अँपिअर जात असतील तर अर्धा व्होल्ट म्हणजे ३० वॅट, एका बोल्टवर सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता. खांबाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, किंवा लगवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साठलेली, ही त्याची खूण. लिंक सोडवा, खायचा सोडा पाण्यात कालवून पुसा (झाकणांतून आत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही), कोरडं करा, तारेच्या ब्रशने लग चमकवा, घट्ट करा, आणि घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग लग असं उलटं करू नका. आणि घट्ट म्हणजे पिळून काढायचं नाही, शिसं मऊ असतं, खांब फिरतो आणि आतला जोड तुटतो.

त्यानंतर उष्णता. बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला मोजून छापलेलं असतं, त्याच्यावर दर ८-१० अंशाला ते साधारण निम्मं होतं. रॅकमध्ये वरच्या फळीवरची, यूपीएसच्या फॅनच्या तोंडाशी असलेली, किंवा उन्हाच्या भिंतीला चिकटलेली बॅटरी दरवेळी आधी जाते ती ह्यामुळे. ह्याला मीटर नको, दुपारी हात लावून बघा, एक गरम आणि बाकीच्या कोमट असतील तर कळलंच. बॅटऱ्यांच्या मध्ये दोन बोटं जागा सोडा आणि फॅनचं तोंड दुसरीकडे फिरवा. चार्जरला टेंपरेचर सेन्सर असेल तर तो खरंच बॅटरीला चिकटलेला आहे का बघा, कारण दर सेलला दर अंशाला ३ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात, ४८ च्या बँकेत २४ सेल, म्हणजे खोली १५ अंशांनी तापली तर १ व्होल्टच्या वर फरक पडतो. सेन्सर वायरसकट रॅकच्या मागे लोंबकळत असेल तर तो खोलीची हवा मोजतोय.

चार्जरचं सेटिंग हा अजून एक कायमचा घोळ, आणि तो नेमका बॅटरीचा प्रकार बदलताना होतो. आधी सीलबंद होत्या, नंतर ट्यूब्युलर आणल्या, यूपीएसमागचा छोटा स्विच कोणी बदललाच नाही. ट्यूब्युलरला अधूनमधून १४.४ पर्यंत नेऊन उकळी फुटू द्यावी लागते, नाहीतर जड ॲसिड तळाला बसतं आणि प्लेट खालून खराब होते. उलट सीलबंद बॅटरीला सतत १४.४ वर ठेवलं तर ती आतून सुकते आणि पोट फुगतं. फुगलेली बॅटरी दिसली की ती दाबून, टोचून बघू नका, चार्जिंग बंद करा आणि काढा.

एक प्रकार असा की बॅटरीत काहीच बिघाड नसतो, ती भरलेलीच नसते. मेन चालू आहे, दिवे लागलेत, सगळ्यांना वाटतंय यूपीएस मेनवर आहे आणि तो मात्र बॅटरीवर चालतोय, कारण इनपुट व्होल्टेज त्याच्या मर्यादेच्या खाली गेलंय. जनरेटरवर तर हे हमखास, जनरेटरची फ्रिक्वेन्सी वर-खाली झुलत असते, यूपीएस ते इनपुट नाकारतो, लोक म्हणतात दोन तास जनरेटर चालला तरी बॅटरी चार्ज का नाही. जनरेटर चालू असताना यूपीएसच्या डिस्प्लेवर इनपुट दिसतंय का आणि चार्जिंगचा दिवा लागलाय का एवढं बघायचं. नसेल तर जनरेटरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग) दाखवून घ्या, आणि यूपीएसमध्ये इनपुटची मर्यादा सैल करायचा ऑप्शन असेल तर करा.

लाईट गेली की लगेच आरसीसीबी (करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, बॅटरीचा विषयच येत नाही, असंही बरेच जण सांगतात. तो न्यूट्रलचा गोंधळ, बॅकअपच्या सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय, करंट एका वाटेने जातोय आणि भलत्याच वाटेने परत येतोय, आरसीसीबी त्याला गळती समजतो. वायरमनकडून न्यूट्रल वेगळे करून घ्या, आरसीसीबीला बायपास मारून घेऊ नका.

लिथियमवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे व्होल्टेज बघून काही कळत नाही, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत ३.२-३.३ व्होल्टच्या आसपासच बसून राहतो. टक्के दाखवतो तो बीएमएस (पॅकमधलं सेल सांभाळणारं कार्ड), आणि तो आत किती गेलं बाहेर किती आलं ह्याची वही लिहितो. महिनोन्महिने अर्धवट चार्ज-डिस्चार्ज झालं की वही चुकत जाते, मग ४० टक्क्यांवर अचानक बंद. एकदा पूर्ण १०० पर्यंत चार्ज करून काही तास तसंच राहू द्या, वही परत जुळते आणि सेलही एका पातळीवर येतात. दुसरं, इन्व्हर्टर शिशाच्या सेटिंगवर राहिला असेल तर तो अधूनमधून इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) मारतो, १६ सेलच्या पॅकची कमाल ५८.४ व्होल्ट, ती ओलांडायच्या आधीच एखादा सेल वर पोचतो आणि बीएमएस पॅक तोडून टाकतो. पहाटे चार्जिंग चालू असताना यूपीएस "बॅटरी नाही" ओरडत असेल तर आधी हेच तपासा, आणि इक्वलायझेशन बंद करा. दोन पॅक पॅरलल असतील तर पॉझिटिव्ह एका पॅकवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या पॅकवरून घ्या, दोन्ही एकाच पॅकवरून घेतले तर जवळचा पॅक जास्त राबतो आणि आधी दमतो.

आणि एक राहिलं, बॅटरी खरंच गेली असेल तर एकटी बदलायची की चारही. बँक सहा-आठ महिन्यांच्या आतली असेल तर एक बदला, पण नवीन आणि जुन्या तिघी आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून मग जोडा. तीन-चार वर्षांच्या तिघींमध्ये एक नवीन घातली तर जुन्या तिला नीट चार्ज होऊ देत नाहीत आणि लोडवर त्या आधी बसतात, पैसे वाया. चांगल्या निघालेल्या जुन्या बॅटऱ्या वेगळ्या ठिकाणी, कमी लोडवर वापरा.

माणसाला फोन करायच्या आधी एवढं कागदावर उतरवून ठेवा: लोड किती वॅट, बँक किती व्होल्टची, फ्लोटवर प्रत्येक बॅटरी किती, लोडवर दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला प्रत्येक बॅटरी किती, पाणी कोण किती पितं, आणि आधी कितव्या जागेवरची बदलली होती. बॅटऱ्यांवर मार्करने नंबर आणि तारीख टाका, पॉझिटिव्ह टोकाची एक नंबर. आणि रॅकखाली टॉर्च मारून बघा, बोल्टवर जाड केबलच्या जोडीला अजून काही बारीक लटकलंय का.